चिकोचा गुलाबी वाडा

(शेतकी विभागाचे पान : ऊस विकास अधिकारी)



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त असले विषय घेतो. या खेपेस विषय जरा लांबचा आहे. पण माणूस शेतकरीच आहे, आणि गोष्ट त्याच्या घराची आहे.

थंडीत आपल्या घरी डिंकाच्या लाडवात जो बदाम पडतो, तो आजकाल बहुतेक करून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातून आलेला असतो. तिथल्या मोठ्या खोऱ्यात मैलोन्‌मैल बदामाच्या बागा आहेत. या खोऱ्याच्या उत्तर अंगाला, सॅक्रामेंटो नदीपासून काही मैलांवर, चिको नावाचे शहर आहे. त्या शहरात १८६८ साली पुरा झालेला एक तीन मजली, सव्वीस खोल्यांचा, फिक्या गुलाबी रंगाचा वाडा होता. इंग्रजीत त्यास मॅन्शन म्हणतात, आपण वाडाच म्हणू. ‘होता’ म्हणावे लागते, कारण ११ डिसेंबर २०२४ च्या पहाटे तो जळाला. ज्यांनी बांधला ते जॉन बिडवेल हे त्या मुलखात बैलगाडीच्या वाटेने गेलेल्या पहिल्या तुकडीतले. पुढे मोठे जमीनदार, मोठे बागाईतदार आणि मोठे पुढारी झाले. असा माणूस घर कसे बांधतो, ते कुणाच्या कष्टावर उभे राहते आणि त्याच्या माघारी त्याचे काय होते, हे आपल्यासारख्या सहकारातल्या माणसांनी एकदा नीट पाहण्यासारखे आहे. आम्ही तो वाडा डोळ्यांनी पाहिलेला नाही. वाचून आणि चित्रे पाहून लिहीत आहोत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

जमीन गेली म्हणून निघाले

बिडवेल यांचा जन्म ५ ऑगस्ट १८१९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. थोडे शिकले, मास्तरकी केली, आणि ऐन तरुणपणी पश्चिमेकडे मिसुरी राज्यात जाऊन १६० एकर जमीन धरली. एकदा कामानिमित्त सेंट लुईसला गेले आणि परत येऊन पाहतात तो दुसराच गडी त्यांच्या जमिनीत ठाण मांडून बसलेला. कायद्याने बघावे तर बिडवेल यांचे वय भरलेले नाही, लग्न झालेले नाही, त्यामुळे दाद मिळेना. बांध कोरल्यावरून डोकी फुटतात ते आपण पाहतो. इथे तर सबंध तुकडाच गेला.

त्याच सुमारास कॅलिफोर्निया पाहून आलेला एक व्यापारी त्यांना भेटला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिको देशाच्या अमलाखाली होते. तिकडे हिवतापाचे काय, असे लोकांनी विचारले. मिसुरीत हिवताप घरोघर होता. त्यावर त्या बहाद्दराने सांगितले की, साऱ्या मुलखात एकाच माणसाला एकदा थंडी वाजून आली होती, आणि त्याला कुडकुडताना बघायला माँटेरे गावची माणसे अठरा मैल गेली होती! बिडवेल यांनी म्हातारपणी हा किस्सा लिहून ठेवला आहे. ऐकून सगळ्यांना चेव चढला, मंडळ स्थापन झाले, पाचशे जणांनी येतो म्हणून कबुली दिली. निघायच्या वेळी त्या पाचशेंतले एकटे बिडवेलच हजर. सभेला हात वर करणाऱ्यांचा हा हिशेब आपल्याकडच्या सर्वसाधारण सभेस बसलेल्यांना वेगळा सांगावयास नको.

इकडून तिकडून माणसे मिळून मे १८४१ मध्ये काफिला निघाला. वाट कुणालाच ठाऊक नाही. अर्ध्या वाटेवरून बरीच मंडळी ओरेगॉनकडे वळली. तीसेक जण कॅलिफोर्नियाच्या वाटेस राहिले. त्यांत नॅन्सी केल्सी नावाची विशीच्या आतली एक बाई, कडेवर तान्ही मुलगी. वाळवंटात गाड्या सोडून द्याव्या लागल्या. मग गाडीचे बैल कापून खाल्ले, बैल संपल्यावर खेचरे. ४ नोव्हेंबर १८४१ रोजी मंडळी खोऱ्यात उतरली. घरदार करण्यासाठी बैलगाड्यांनी निघून खुष्कीच्या वाटेने कॅलिफोर्नियात पोचलेली ही पहिली तुकडी, म्हणून तिच्या नावाला तिकडे आजही मान आहे.

पुढे बिडवेल यांनी जॉन सटर या बड्या आसामीकडे हिशेबनीस आणि कारभारी म्हणून नोकरी केली. १८४८ साली सटर यांच्या करवतीच्या गिरणीजवळ सोने सापडले. बिडवेल यांनाही त्याच वर्षी ४ जुलैला फेदर नदीच्या पात्रात सोने लागले. त्या जागेला बिडवेल बार नाव पडले, गाव वसले, ओस पडले. १९६८ साली ऑरोव्हिलचे धरण पुरे झाले, त्याच्या पाण्याखाली आज ती जागा आहे.

सोने लागलेले पुष्कळ जण जुगारात आणि दारूत धुपून गेले. बिडवेल यांनी सोन्याची जमीन केली. मेक्सिकन अमदानीतली ‘रांचो अरोयो चिको’ नावाची इनाम जमीन त्यांनी टप्प्याटप्प्याने खरेदी केली. तिची सनद १८६० साली झाली तेव्हा मोजणी भरली २२,२१४ एकर. सभासदांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. आपल्याकडच्या पुष्कळ गावांचे सबंध शिवार हजार-दोन हजार एकरांत संपते. म्हणजे दहा-पंधरा गावांचे शिवार एका सातबाऱ्यावर! आपल्याकडे १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आहे आणि बारमाही बागाईतास १८ एकरांची मर्यादा आहे. त्या हिशेबाने बिडवेल यांचे एक रान बाराशेंवर बागाईतदारांना पुरले असते. असो. त्याच १८६० साली आपल्याच जमिनीत गल्ल्या आखून त्यांनी चिको गाव वसविले.

वाडा कसा होता

आधी बिडवेल लाकडी ओंडक्यांच्या खोपटात राहत. ते १८५२ साली जळाले. मग कच्च्या विटांचे दोन मजली घर बांधले. तेच घर, तेच दुकान, तीच वाटसरूंची उतरायची जागा. मोठा वाडा बांधावयाचे मनात आले ते वयाच्या पंचेचाळिशीनंतर, आणि तोवर ते पुढारी झालेले होते. १८४९ साली राज्याच्या पहिल्या विधिमंडळात सिनेटर, १८६३ साली राज्याच्या मिलिशियात ब्रिगेडियर जनरल, १८६४ साली लिंकन यांना पुन्हा उमेदवारी देणाऱ्या बाल्टिमोरच्या अधिवेशनात प्रतिनिधी, आणि १८६५ ते १८६७ वॉशिंग्टनला काँग्रेसचे सभासद. तिथे ते शेतकी समितीचे अध्यक्ष होते.

नकाशा काढला सॅन फ्रान्सिस्कोच्या हेन्री क्लीव्हलँड या वास्तुशिल्पज्ञाने. गंमत अशी की, याच क्लीव्हलँडने १८५६ साली खेड्यापाड्यांतल्या, शेतावरच्या लहान घरांच्या नकाशांचे पुस्तक काढले होते. थोडक्या पैशात हवेशीर, नेटके घर कसे बांधावे हा त्याचा विषय. तोच माणूस दहा वर्षांनी शेतकऱ्यासाठीच घर आखतो, पण सव्वीस खोल्यांचे आणि सुमारे दहा हजार चौरस फुटांचे. १८६५ साली काम सुरू झाले, मे १८६८ मध्ये पुरे झाले. खर्च आला सुमारे ६०,००० डॉलर.

घराची पद्धत होती ‘इटालियन व्हिला’. इटलीतल्या खेड्यांतले जमीनदारांचे वाडे पाहून इंग्लंडात ही टूम निघाली आणि १८४०–५० च्या सुमारास नकाशांच्या पुस्तकांवाटे अमेरिकेत पसरली. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. छपराचा उतार थोडा, छप्पर भिंतीच्या बाहेर बरेच आलेले आणि त्याला खालून कोरीव लाकडी घोडे. खिडक्या उंच, वरच्या अंगाला कमानदार, पुष्कळदा जोडीजोडीने. आणि एक चौकोनी मनोरा, छपराच्या वर डोके काढून उभा. भिंती विटांच्या, वरून प्लॅस्टर, त्या प्लॅस्टरला फिका गुलाबी रंग. पुढच्या अंगाला कमानींची ऐसपैस ओसरी.

इथे आपल्या वाड्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. आपला जुना वाडा रस्त्याकडे पाठ फिरवतो. बाहेरून पाहावे तर जाडजूड भिंत आणि दिंडी दरवाजा. सारा उजेड, सारी हवा आतल्या चौकातून. चोराचिलटांचे, फौजांच्या धामधुमीचे दिवस त्या भिंतींत मुरलेले आहेत. बिडवेल यांचा वाडा याच्या अगदी उलट. त्याला आत चौक नाही. त्याची तोंडे चारी बाजूंना बाहेर, बागेकडे आणि रानाकडे. ओसरीत बसले की झाडे दिसावीत, मनोऱ्यात चढले की आपली जमीन दिसावी. एवढी उघडीप ठेवणाऱ्याला बाहेरचे भय उरलेले नाही, हेही त्या घराची ठेवण सांगत होती. त्या जमिनीवर आधी राहणाऱ्यांचे काय झाले होते, ते खाली येतेच.

चिकोचा उन्हाळा कडक, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर सहज जातो. तेव्हा विटांची जाड भिंत, उंच छत, रुंद ओसरी आणि समोरासमोर उंच खिडक्या हा थाटमाट कमी आणि गरज जास्त होती. वरची खिडकी उघडली की तापलेली हवा निघून जाते, खालून गार हवा ओढली जाते. आपल्याकडच्या गुऱ्हाळाच्या चुलाणाचे धुराडे ज्या तत्त्वावर ओढते त्याच तत्त्वाचे हे घरगुती रूप. शिवाय घरात नळाचे पाणी, न्हाणीघरे आणि गॅसचे दिवे. १८६८ साली, खेड्यात! आमच्या लहानपणी आमच्या गावात घरात नळ आला त्याची पेढे वाटून वार्ता झाली होती, हे आठवले म्हणजे त्या सोयीचे मोल कळते.

वाडा पुरा होत असतानाच, १६ एप्रिल १८६८ रोजी, बिडवेल यांचे वॉशिंग्टनला लग्न झाले. वधू ॲनी केनेडी, वय २८. वर ४८ चे. ॲनीबाईंचे वडील देशाच्या शिरगणती खात्याचे प्रमुख होते. लग्नाला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल ग्रँट हजर होते. ॲनीबाई कडक धर्मनिष्ठ, दारूबंदीच्या आणि बायकांच्या मताधिकाराच्या कट्टर पुरस्कर्त्या. वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर नृत्यासाठी म्हणून मोठे दालन काढलेले होते. त्यात नृत्य कधी झाले नाही, असे सांगतात. बाईंना ते पसंत नव्हते.

पाहुण्यांची मात्र रीघ असे. राष्ट्राध्यक्ष हेज आणि जनरल शर्मन १८८० साली येऊन गेले. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सुझन अँथनी आल्या. १८७७ साली निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्याबरोबर दोन मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ आले, अमेरिकेचे एसा ग्रे आणि इंग्लंडचे सर जोसेफ हूकर. यांतले हूकर आपल्याला परके नाहीत. त्यांनी १८४८ पासून हिमालयात हिंडून वनस्पती गोळा केल्या आणि पुढे हिंदुस्थानातल्या वनस्पतींचा सात खंडांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. शेतकी शाळेत वनस्पतींची शास्त्रीय नावे घोकताना शेवटी ‘हूक. एफ.’ अशी शेपटी लागलेली असे, ती याच गृहस्थांची. आम्ही ती पाठ केली, पण हा माणूस कोण हे त्या वेळी कुणी सांगितले नाही. बिडवेल यांच्या रानातला एक अवाढव्य ओक वृक्ष पाहून हूकर थक्क झाले. ॲनीबाईंनी पुढे त्या झाडाला त्यांचेच नाव दिले. झाड हजार वर्षांचे असावे असा लोकांचा समज होता. १ मे १९७७ रोजी ते उन्मळून पडले, तेव्हा वलये मोजून वय निघाले सव्वातीनशे वर्षांच्या आसपास, आणि झाडही एक नव्हते, दोन झाडे एकजीव झालेली होती.

वाड्यामागची वस्ती

वर म्हटले की जमीन खरेदी केली. पण सनद देणारा आणि विकणारा यांच्याही आधी त्या ओढ्याकाठी मेचूपदा नावाचे आदिवासी लोक राहत होते. बिडवेल यांनी तिथे बस्तान बसविले तेव्हा त्यांची वस्ती आपल्या घराजवळच ठेवली. सोने धुण्यापासून गहू कापण्यापर्यंतची कामे त्यांच्याकडून घेतली. सुरुवातीला मोबदला पैशात नसे, कापड आणि धान्य असे. मजुरी नंतर आली. त्या काळी कॅलिफोर्नियात १८५० चा एक कायदा होता. नाव ‘आदिवासींचा कारभार व संरक्षण’ यासाठीचे, आणि त्यात तरतुदी आदिवासी मुलांना कामास बांधून घेण्याच्या आणि ‘उडाणटप्पू’ ठरविलेल्या माणसाला पकडून मजुरीस लावण्याच्या. कायद्याचे नाव एक आणि पोट दुसरे.

चिकोच्या आसपास गोरे आणि आदिवासी यांच्यात चकमकी, खून, सूड चालूच होते. १८६३ साली ४६१ आदिवासींना चिकोहून सैन्याच्या पहाऱ्यात डोंगर ओलांडून राउंड व्हॅलीच्या राखीव जागेकडे हाकलण्यात आले. सुमारे शंभर मैलांची चाल. सप्टेंबरात पोचले ते २७७. बाकीचे आजारी पडून वाटेत टाकलेले, मेलेले, काही पळालेले. बिडवेल यांच्या रानावर कामास असलेले मेचूपदा यातून वाचले, कारण ते बिडवेल यांचे कामगार होते. बिडवेल यांनी त्यांना जमावापासून राखले हे खरे. त्यांच्या हातांशिवाय ते रान पिकले नसते हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या बऱ्या.

ॲनीबाई आल्यावर ही वस्ती वाड्यापासून थोडी दूर हलविण्यात आली. बाईंनी त्यांच्यासाठी शाळा काढली, शिवण शिकविले, चर्च बांधले. त्यांच्या जुन्या चालीरीती, त्यांची नाचघरे मोडून निघावीत हाही त्यात हेतू होता. मेचूपदा लोकांची टोळी म्हणून असलेली सरकारी मान्यता १९६७ साली काढून घेण्यात आली. त्यांनी कोर्टात झगडून ती १९९२ साली परत मिळविली. आजही ती मंडळी चिको परिसरातच आहेत.

वाड्याची वर्णने आम्ही जेवढी वाचली त्यांत क्लीव्हलँडचे नाव पहिल्याच ओळीत येते. ज्यांनी रान राबले, त्यांचा उल्लेख ‘रानावरचे इंडियन’ एवढाच. आपल्याकडेही हंगाम संपला की किती टन गाळप झाले हे फलकावर लागते. टोळीत कोयता कुणाचा चालला ते मुकादमाच्या वहीत राहते, आणि ती वही पुढच्या पावसाळ्यात भिजते.

शेती, दारू आणि कर्ज

शेतकरी म्हणून बिडवेल यांना आम्ही पैकीच्या पैकी मार्क देऊ. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या गव्हाला सुवर्णपदक मिळाले. गव्हाबरोबर बदाम, पीच, चेरी, अक्रोड, ऑलिव्ह, कलिंगडे, खरबुजे अशी शेकडो प्रकारची फळे त्यांनी लावून पाहिली. स्वतःची पिठाची गिरणी काढली, डोंगरातून खाणींच्या मुलखाकडे जाणारा गाडीरस्ता केला. माल पिकवायचा, त्यावर प्रक्रिया आपणच करायची आणि बाजाराची वाटही आपणच बांधायची हे गणित त्यांना उमगलेले होते. द्राक्षाचा त्यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. मळ्यात दारूच्या जातीची द्राक्षे होती, दारू उत्तम होत होती. दारूबंदीचे मत पक्के होताच त्यांनी त्या वेली उपटून टाकल्या आणि बेदाण्याच्या जाती लावल्या. उभा, धरता मळा मतासाठी उपटणारा शेतकरी आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

पुढे राजकारणातही हेच मत घेऊन ते उभे राहिले. गव्हर्नरपदाच्या निवडणुका हरले. १८९२ साली दारूबंदी पक्षातर्फे थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार झाले, आणि साऱ्या देशातून सुमारे २ लाख ७० हजार मते पडली. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना ते ठाऊक असावे.

पण एवढा पसारा ओढताना कर्ज डोक्यावर बसले. जमीन गहाण पडत गेली. पाहुणे, देणग्या, नवनवे प्रयोग, आणि शेतमालाचा भाव त्यांच्या हातात नव्हता, जसा तो आपल्याही नसतो. ४ एप्रिल १९०० रोजी रानात लाकूड कापत असताना ८० व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. मूलबाळ नव्हते. ॲनीबाईंनी कर्ज फेडण्यासाठी रानाचे तुकडे पाडून विकले.

विकले त्यापेक्षा दिले ते जास्त टिकले, असे मात्र दिसते. १८८७ साली अध्यापक विद्यालयासाठी बिडवेल यांनी वाड्याशेजारची आठ एकर चेरीची बाग दिली होती. तिथे आज चिकोचे राज्य विद्यापीठ आहे. १९०५ साली ॲनीबाईंनी ओढ्याच्या दोन्ही काठांची दोन हजार एकरांच्या आसपास जमीन गावाला उद्यान म्हणून दिली, आणि दस्तातच दारूबंदीची अट घातली. ते उद्यान वाढत वाढत आता ३,६०० एकरांच्या वर गेले आहे. आणि आमच्या धंद्याच्या माणसाला सर्वांत आवडावी अशी गोष्ट ही की, १९०४ साली रानातील ८० एकर जमीन केंद्र सरकारच्या शेती खात्याकडे गेली आणि तिथे परदेशांतून आणलेल्या रोपांचा बेणेमळा सुरू झाला. १९२९–३० साली इराणातून गोळा करून आणलेले पिस्त्याचे बी याच मळ्यात लावले गेले. त्यातून निवड करीत करीत ‘केरमान’ नावाचे वाण निघाले, आणि कॅलिफोर्नियाचा सारा पिस्त्याचा धंदा त्या एका वाणावर उभा राहिला. बी आणल्यापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत वीसपंचवीस वर्षे गेली. नवीन ऊस वाण दोन हंगामांत का मिळत नाही म्हणून आमच्या गट कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

माघारी वाड्याचे काय झाले

ॲनीबाई १९१८ साली वारल्या. मृत्युपत्राने वाडा प्रेस्बिटेरियन चर्चला गेला, तिथे शाळा चालवावी या इच्छेने. चर्चला खर्च झेपेना. १९२३ साली वाडा शेजारच्या अध्यापक महाविद्यालयाकडे आला. तेव्हापासून त्यात मुलींचे वसतिगृह झाले, वर्ग भरले. दिवाणखान्यात राष्ट्राध्यक्ष बसले होते तिथे पोरी पाठ घोकू लागल्या. आमच्या मते घराचा सर्वांत चांगला उपयोग तोच. १९६४ साली राज्य सरकारने तो ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतला आणि जुन्या सामानसुमानासह लोकांना दाखविण्यासाठी लावून ठेवला. २०११ साली राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा बंद करावयाच्या सत्तर उद्यानांच्या यादीत हाही होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो उघडा ठेवला.

२०२४ च्या अखेरीस वाडा दुरुस्तीसाठी बंद होता. ११ डिसेंबरला पहाटे आग दिसली. बंब येईपर्यंत ज्वाळा छपरातून बाहेर पडलेल्या. आग लावल्याच्या आरोपावरून एका इसमास अटक झाली.

विटांचे घर जळते कसे, असे कुणाला वाटेल. वीट जळत नाही, पण अशा घरात वीट फक्त भिंतींत असते. मजल्यांच्या तुळया, फळ्यांची जमीन, जिना, छपराचा सांगाडा, दारे-खिडक्या सगळे लाकूड, तेही दीडशे वर्षे वाळलेले. शिवाय जिन्याची पोकळी खालपासून वरपर्यंत सरळ, म्हणजे आगीला धुराडेच. हवा खेळावी म्हणून केलेली योजनाच त्या पहाटे उलटली. आग विझली तेव्हा बऱ्याचशा भिंती उभ्या होत्या आणि मधले सारे कोसळलेले होते. आपल्याकडच्या सागवानी वाड्यांचीही हीच तऱ्हा आहे. ज्या सभासदांची जुनी घरे आहेत त्यांनी माडीवर पाचट आणि कडबा साठवू नये. विजेची जुनी वायर तर आधी बदलावी.

एक बरे की, बिडवेल यांच्या डायऱ्या आणि पत्रे ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. त्या डायऱ्यांत रोजचे हवामान, पेरणी, कापणी, कोण आले, कोणाला काय दिले अशा साध्या नोंदी आहेत. आता वाडा पाहता येत नाही, पण गहू कोणत्या दिवशी कापला ते सांगता येते. वाडा पुन्हा जसाच्या तसा बांधावा की काय करावे, हा चिकोकरांचा प्रश्न आहे. पण बांधलाच, तर त्या ओढ्याकाठच्या वस्तीची नावे दाराशी लावल्याशिवाय बांधू नये, असे आम्हांस वाटते.

यावरून एक विनंती. आपल्या कारखान्याच्या उभारणीच्या वेळचे, पहिल्या गळीत हंगामांचे कागद सभासदांच्या घरी ट्रंकांतून पडून असतील. शेअर्सच्या पावत्या, बैलगाड्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रके, मुकादमांच्या वह्या, तोडणी टोळ्यांच्या नावांच्या याद्या, जुने फोटो. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे आणून दाखवावेत. टोळ्यांच्या याद्या आणि मुकादमांच्या वह्या आम्हांस विशेष हव्या आहेत. कागदाची छायाप्रत तिथेच काढून घेतली जाईल आणि मूळ कागद त्याच वेळी परत मिळेल. भिजलेला, कसर लागलेला असला तरी चालेल, झटकू नये, तसाच आणावा.